रात्री उमलणाऱ्या वेली: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे

गेल्या अंकात मी गुलचांदणीवर जेमतेम अर्धे पान लिहिले होते. पांढरी, तळहाताएवढी, संध्याकाळी उमलून सकाळी मिटणारी फुले, वेल बियांपासून होते, करून पाहा. एवढेच. त्यावर पत्रांचा ढीग आला आणि बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा. बी रुजले नाही, रुजले तर फुलले नाही, फुलले तेव्हा आम्ही झोपलो होतो. म्हणून यावेळचे सदर रात्रीच्या वेलींना दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावे गाळलीत, कारण काहींनी वेलीवरून घरात झालेली भांडणेही लिहून पाठवली आहेत.

प्रश्न: ताई, गुलचांदणीच्या बिया दोन दिवस पाण्यात भिजवून कोकोपीटमध्ये लावल्या. महिना झाला, काही हालचाल नाही. उकरून पाहिले तर काही बिया जशाच्या तशा टणक आणि काही पिचपिचीत कुजलेल्या. बीच खराब होते का?

उत्तर: बी चांगले होते. कुजलेल्या बिया पाण्यात गुदमरल्या आणि टणक राहिलेल्यांना दोन दिवस बुडूनही पाणी मिळालेच नाही. गुलचांदणी रताळ्याच्या कुळातली. या कुळातल्या बऱ्याच बियांचे टरफल पाण्याला आत शिरू देत नाही. रानात ते ऊन-पावसाने, मातीत घासून आणि बुरशी-जिवाणूंच्या हातून सावकाश झिजते. एखादे बी या वर्षी रुजते, एखादे दोन वर्षांनी. वेलीच्या बाजूने पाहिले तर यात शहाणपण आहे. सगळ्या बिया एकाच वेळी रुजल्या आणि पुढचा पंधरवडा कोरडा गेला, तर सगळा वंशच संपायचा. आपल्याला मात्र तेवढी वाट पाहायची नसते, म्हणून टरफलाला वाट आपण पाडून द्यायची.

टणक निघालेल्या बिया फेकल्या नसतील तर त्यांच्यावरच हे करून पाहा. बी उजेडात धरा. एका टोकाला थोडासा खोलगट, अर्धगोल डाग दिसेल. बोंडात बी जिथे चिकटलेले असते ती ही जागा. मूळ याच बाजूने बाहेर पडते, तेव्हा इथे हत्यार लावायचे नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला, जिथे बी फुगीर असते तिथे पॉलिश पेपरवर घासा किंवा नेलकटरने अगदी बारीक टवका काढा. घासताना आधी भुकटी पडते, मग टरफलाचा रंग उतरतो आणि अचानक आतला फिकट रंग डोकावतो. तो दिसला की हात थांबला पाहिजे. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरे. 'थोडे आणखी' म्हणून जोर करणारे लोक आतले दलच सोलून काढतात, आणि त्या जखमेतून बुरशी शिरते.

मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी उत्तर समोर असते. ज्याला वाट मिळाली ते बी फुगून जवळजवळ दुप्पट होते आणि टरफल भेगाळते. जे फुगले नाही ते बाजूला काढून पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. चोवीस तासांच्या पुढे मात्र फुगलेले बी पाण्यात ठेवू नका. आत पाणी गेले की बी श्वास घ्यायला लागते, त्याला हवा लागते. दोन दिवसांच्या भिजवणीने तुमच्या काही बिया तिथेच गेल्या.

पेरताना बी एक ते दीड सेंटिमीटर खोल जाऊ द्या. मातीचे तापमान 21 ते 27 अंश सेल्सियस असेल तर पाच ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. माती गार असेल तर पेरायची घाई नको. गार आणि ओली माती म्हणजे बी कुजवायची हमखास रीत. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. रोज पाणी घालायची ज्यांना सवय आहे, त्यांनी कोंब दिसेपर्यंत झारी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी.

प्रश्न: बी उगवले, पण पाने विचित्र आहेत. मधून चिरलेली, जणू कात्रीने कापली आहेत. एका रोपाच्या डोक्यावर टरफल तसेच अडकले आहे. काही रोग आहे का? आणि मोठ्या कुंडीत कधी हलवू?

उत्तर: रोग नाही. ती खरी पाने नव्हेत, बीजदले आहेत, म्हणजे बीच्या आतच असलेली दोन दले. या वेलीची दोन्ही बीजदले मधून खोल चिरलेली असतात. यानंतर येणारे पान बदामाच्या आकाराचे असेल, तेव्हा ओळख पटेल.

अडकलेले टरफल ही खरी अडचण. हवा कोरडी असली किंवा बी फार वर पेरले गेले की टरफल मातीत निघून पडत नाही, रोप ते डोक्यावर घेऊनच वर येते. ओढू नका, दलांसकट तुटेल. संध्याकाळी कापसाचा ओला बोळा त्यावर ठेवा. तासाभराने टरफल मऊ पडते, मग दोन नखांनी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून सरकवायचे. आतली दले चुरगळलेली, पिवळी दिसतील. एक-दोन दिवस उजेडात राहिली की ती पसरून हिरवी होतात.

हलवण्याबद्दल सांगायचे तर या वेलीला मुळे हललेली अजिबात चालत नाहीत. म्हणून सुरुवातच वर्तमानपत्राच्या कागदी कपात करा आणि कपासकट कुंडीत ठेवा. तुम्ही प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पेरले असेल तर दोन खरी पाने येताच हलवा, मातीचा गोळा न फोडता. उशीर केलात तर शेजारशेजारची रोपे एकमेकांना विळखे घालतात आणि ते सोडवताना शेंडे मोडतात. शेवटची कुंडी बारा इंचांहून लहान नको. एका हंगामात ही वेल सहज तीन ते पाच मीटर जाते.

आधार पहिल्या दिवसापासून हवा, आणि तो बारीक हवा. सुतळी, तार, जाळी, पेन्सिलीएवढी काठी, काहीही चालेल. ही वेल तणावे काढत नाही, खोडच आधाराभोवती गुंडाळत वर चढते. त्यामुळे जाडजूड खांब तिला कवेत घेता येत नाही. खांबालाच चढवायची असेल तर त्याभोवती जाळी गुंडाळा. आणि वळवताना ती ज्या दिशेने वळते आहे त्याच दिशेने वळवा. उलटी गुंडाळलीत तर सकाळपर्यंत सुटून लोंबत असेल.

प्रश्न: पाकिटावर 'मूनफ्लॉवर' लिहिले होते, चित्रही पांढऱ्या फुलाचेच होते. पण वेल आलीच नाही. गुडघ्याएवढे झुडूप झाले, फुले वर तोंड करून कर्ण्यासारखी, आणि आता काटेरी गोल फळे धरली आहेत.

उत्तर: तुमच्या घरी धोतरा आला आहे. मूनफ्लॉवर या एकाच नावाने दोन वेगळ्या झाडांचे बी विकले जाते आणि दोन्हींची फुले पांढरी, रात्री उमलणारी, वासाची. पुढच्या वेळी पाकीट फोडल्याबरोबर बी पाहा. गुलचांदणीचे बी टपोरे, मोठ्या वाटाण्याएवढे, कडक. धोतऱ्याचे लहान, चपटे, वाटाण्याच्या पावभरही नसते. एवढे पाहिलेत तरी फसगत टळेल.

झाड दिसायला सुंदर असते, हे मान्य. पण धोतऱ्याचे पान, फूल, बी, मूळ सगळेच विषारी आहे आणि बी सर्वांत जास्त. घरात लहान मूल किंवा पाने चावणारे कुत्रे-मांजर असेल तर हातमोजे घालून उपटा आणि फळे तडकायच्या आत पिशवीत बंद करून टाका. ठेवायचेच असेल तर झाडाला हात लावल्यावर डोळे चोळू नका. रस डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होते आणि बराच वेळ धूसर दिसते.

प्रश्न: वेल मस्त वाढली आहे, गॅलरी झाकून टाकली. पाने माझ्या पंज्याहून मोठी. दर आठवड्याला खत देते, रोज पाणी, दिवसभर ऊन, आणि रात्री उजेड हवा म्हणून गॅलरीतला दिवाही चालू ठेवते. पण सहा महिन्यांत एक कळी नाही. आणखी काय देऊ?

उत्तर: आणखी काही देऊ नका, दिलेले काढून घ्या.

आधी खत. तुम्ही कोणते देता ते लिहिलेले नाही, पण पंज्याएवढी पाने सांगतात की नत्र भरपूर पोहोचते आहे. युरिया, ताजे शेणखत, पालेभाज्यांसाठी विकतात ती द्रव खते, यांनी वेल माजते. माजलेल्या वेलीला पाने काढायला इतके मिळत असते की कळ्यांकडे वळायचे तिला कारणच उरत नाही. दोन महिने खत पूर्ण बंद. नंतर द्यायचेच तर महिन्यातून एकदा, नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेले. पाणीही मातीचा वरचा थर सुकल्यावर. पाने दुपारी जराशी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर काही बिघडत नाही.

आता तो दिवा. तुमच्या पत्रातली माझी सर्वांत आवडती ओळ हीच. जी वेल अंधारावर जगते तिला तुम्ही रात्रभर उजेडात जागवताय!

यामागची गोष्ट जराशी लांब आहे, पण सांगते, कारण रस्त्यावरच्या दिव्याखाली वेल लावणाऱ्यांनाही ती लागू पडते. 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका जातीवर काम प्रसिद्ध केले. ती जात उन्हाळ्यात उंचच उंच वाढायची, पण फुलायची नाही. त्यांनी रोपे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून तिचा दिवस लहान केला, आणि ती फुलली. झाडे दिवसाची लांबी ओळखतात हे त्यातून कळले. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या, काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले आणि त्यातून निघाले ते आपल्या कामाचे. झाड मोजत होते ती रात्र. लांब, सलग, अखंड रात्र. मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तर झाडाच्या लेखी ती रात्र लांब राहात नव्हती आणि फुले येत नव्हती. उलट दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडत नव्हता.

गुलचांदणीची सख्खी बहीण म्हणावी अशी निळ्या फुलांची काळादाणा वेल या अभ्यासात फार वापरली गेली. तिच्या एका जातीचे नुसत्या बीजदलांचे रोप एक लांब रात्र मिळाली तरी फुलायची तयारी करते. एक रात्र! गुलचांदणी इतकी तरतरीत नाही, पण तिचीही चाल तीच आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते. म्हणूनच ज्या प्रदेशांत उन्हाळ्यातले दिवस फार मोठे असतात, तिथे ती उन्हाळा उतरायच्या सुमारास फुलते आणि लोकांना वाटते वेल आळशी आहे. विषुववृत्ताच्या जवळ दिवस-रात्रीत फारसा फरक पडत नाही. तिथे अडचण बहुधा खताची, अपुऱ्या उन्हाची नाहीतर दिव्याची असते.

तेव्हा दिवा बंद करा. पानाशी वर्तमानपत्र धरून ते वाचता येण्याइतका उजेड रात्री पडत असेल तर तो जास्तच समजा. रस्त्यावरचा दिवा आपल्या हातात नाही. पण कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवता येते, किंवा दिव्याच्या बाजूला जाड पडदा टांगता येतो. सगळी वेल अंधारात जायला हवी असे नाही, बहुतेक पाने गेली तरी पुरते, कारण रात्र मोजायचे काम पाने करतात. दिवसा मात्र सहा तास तरी थेट ऊन हवे. त्याच्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ.

प्रश्न: फूल उमलताना पाहायचे आहे. नेमके किती वाजता बसावे? आणि फुले तोडून फुलदाणीत टिकतील का?

उत्तर: घड्याळापेक्षा उजेडाकडे लक्ष ठेवा. सूर्य मावळून सावल्या पुसट व्हायला लागल्या की बसा. आज उमलणारी कळी दुपारीच ओळखता येते. ती इतरांहून लांब, फुगीर आणि पांढरी असते, टोकाला पीळ दिलेली. हिरवट, बारीक कळ्या उद्या-परवाच्या.

संध्याकाळी आधी तो पीळ सैल पडतो. कळीच्या बाजूच्या घड्या दिसू लागतात आणि कळी जराशी थरथरते, वारा नसतानाही. मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच पाणी प्यायला उठतात. त्यानंतर एक कडा सुटते आणि तिच्यामागून सगळे फूल एकदम उघडते. एखाद्या मिनिटाचा खेळ. उघडलेल्या चकतीवर मधोमध पाच फिकट हिरवे पट्टे दिसतात, चांदणीच्या आकारात. कळीत असताना हेच पट्टे बाहेरच्या बाजूला होते आणि पाकळीचा नाजूक भाग त्यांच्या आत दुमडलेला होता. फूल दहा ते पंधरा सेंटिमीटर रुंद होते. वास सुटतो तो उमलल्यानंतर, कळीला नाक लावून उपयोग नाही.

ऊन पडले की फूल मऊ होऊन मिटते. दिवस ढगाळ असेल तर थोडे रेंगाळते. फुलदाणीचे म्हणाल तर उमललेले फूल तोडू नका, हातात येईपर्यंत चुरगळते. त्याऐवजी दिवस मावळताना आजची कळी देठासकट कापून पाण्यात ठेवा, ती घरात उमलेल. पाहुणे जेवायला बसेपर्यंत तयार होते. सकाळी मात्र तिची आशा धरू नका.

प्रश्न: पानांवर बोटाएवढी हिरवी अळी सापडली, शेपटाशी शिंग असलेली. एका रात्रीत फांदी बोडकी केली. औषध काय मारू?

उत्तर: ही हॉकमॉथ जातीच्या पतंगाची अळी. रताळ्याच्या कुळातल्या वेलींची पाने हे तिचे आवडते खाणे. शिंगाला घाबरू नका, ते टोचत नाही. औषधही मारू नका, आणि त्याचे कारण ऐका. गुलचांदणीच्या फुलाची नळी सात ते बारा सेंटिमीटर लांब असते आणि मध असतो तिच्या तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोहोचत नाही. पोहोचते ती या पतंगाची. एरवी गुंडाळून ठेवलेली सोंड तो उलगडतो तेव्हा ती त्याच्या अंगाहून लांब भरते. रात्री फुलासमोर हवेत एकाच जागी तरंगत तो मध पितो आणि परागकण इकडचे तिकडे करतो. म्हणजे पाने खाणारी अळी आणि फुलावर येणारा पाहुणा एकाच घरातले.

वेल मोठी असेल तर अळीला खाऊ द्या, पाने पुन्हा फुटतात. रोप लहान असेल तर अळी हाताने उचलून दूर रानटी वेलीवर सोडा. सापडत नसेल तर खाली पडलेल्या काळ्या, जाडसर लेंड्या पाहा आणि त्यांच्या बरोबर वरचे पान उलटा. कुंडीच्या मातीत पुढे कधी तपकिरी कोश सापडला, आणि त्याच्या तोंडाशी सुरईच्या कानासारखी वळलेली नळी दिसली, तर ती त्या सोंडेचीच खोळ आहे. परत पुरून ठेवा.

प्रश्न: रात्रीच्या वेलींमध्ये हा प्रश्न बसतो की नाही ठाऊक नाही. गच्चीवर दुधी लावला आहे. फुले येतात, छोटे फळही दिसते, मग पिवळे पडून गळते.

उत्तर: अगदी बरोबर जागी विचारलात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. फुलदाणीतल्या फुलांचे कौतुक करणाऱ्यांनी एकदा दुधीचा मांडव चांदण्यात पाहावा. पडवळाचे फूल तर त्याहून देखणे, पाकळ्यांच्या कडांना पांढऱ्या धाग्यांची झालर असते आणि ती अंधार पडल्यावर सुटते. दोन्ही बियांपासून सहज होतात, घासाघाशीही लागत नाही. रात्री फुलणारी वेल बियांपासून पहिल्यांदाच करणाऱ्याला मी पडवळच लावायला सांगते.

तुमचे फळ गळते कारण परागीभवन झालेले नाही. त्याला खताने काही होणार नाही. ही फुले रात्रीच्या पतंगांसाठी आहेत, आणि उंच गच्चीवर पतंग फारसे फिरकत नसतील. ते काम तुम्ही करा, पण सकाळी नको. सकाळी दहाला कुंचला घेऊन मांडवात शिरणारे बरेच जण मला माहीत आहेत. तोवर खेळ संपलेला असतो. संध्याकाळी फुले नीट उमलली की नर फूल ओळखा. त्याचा देठ लांब आणि बारीक, फुलामागे काही नसते. मादी फुलामागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच असतो. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच दोन-चारदा टेकवा. एका नराने दोन माद्या होतात. जमले असेल तर आठवड्याभरात फळ जाड होऊन खाली वाकायला लागते.

सुरुवातीला नुसती नर फुलेच येत असतील तर धीर धरा. या वेलींची रीतच तशी, मादी फुले मागाहून येतात.

प्रश्न: जाई, जुई, मधुमालती, ब्रह्मकमळ हे सगळे बियांपासून करता येईल का? विकत घेतलेल्या रोपांवर माझा विश्वास नाही.

उत्तर: विश्वास नसेल तर शेजाऱ्याकडून फांदी मागा. जाई-जुईची फांदी वाकवून मातीत दाबली की मुळे धरते, मग कापून वेगळी करायची. बियांच्या मागे लागायचे काही कारणच नाही. मधुमालतीही फांदीपासून किंवा मुळाशी फुटणाऱ्या धुमाऱ्यांपासून करा. ती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. धुमारे मात्र आवरावे लागतात.

तुम्ही ज्याला ब्रह्मकमळ म्हणता ते निवडुंगाच्या कुळातले, मूळचे अमेरिका खंडातले झाड. (हिमालयात उंचावर उगवणारे ब्रह्मकमळ निराळे, ते कुंडीत आणायचा विचार सोडा.) ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड. त्याचा वीतभर तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत सुकवा आणि भुसभुशीत मातीत खोचा. बियांपासून फुलापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे जातात. ड्रॅगनफ्रूटचेही तेच, तीही रात्री फुलणारी, चढणारी निवडुंगाची वेल. बियांपासून उगवते पटकन, फुलते फार सावकाश.

प्रश्न: गुलचांदणीचे पान खुडले की दुधासारखा चीक येतो. विषारी आहे का? आणि पुढच्या वर्षीसाठी बी कसे धरावे?

उत्तर: चीक हाताला चिकटतो, साबणाने जातो. बी मात्र पोटात जाऊ देऊ नका. या कुळातल्या अनेक बिया जुलाब करतात, काही त्याहून वाईट. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

या वेलीच्या रसाची एक गोष्ट मला फार आवडते. मेक्सिकोत एल मनाती या ठिकाणी दलदलीत रबरी चेंडू सापडले, इसवी सनापूर्वी सुमारे 1600 या काळातले. तिथली माणसे कास्टिला नावाच्या झाडाचा चीक गोळा करत आणि त्यात गुलचांदणीच्या वेलीचा ठेचून काढलेला रस मिसळत. तेवढ्याने तो चीक घट्ट होऊन उसळी घेणारे रबर तयार होई. 1999 मध्ये संशोधकांनी तशीच कृती करून तपासली, ती खरी ठरली. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर टिकाऊ केले ते 1839 मध्ये. गॅलरीतल्या वेलीकडे बघून हे खरे वाटत नाही, पण तसे आहे.

आता बी. फूल गळले की देठ जाड होत जातो आणि टोकाला गुळगुळीत बोंड धरते. पतंग येत नसतील तर रात्री मऊ कुंचला एका फुलातून दुसऱ्यात फिरवा. बोंड हिरवे असताना तोडायचे नाही, तपकिरी होऊन कागदासारखे वाजू लागले की काढायचे. फार थांबलात तर तडकून बी खाली सांडते. आत बहुधा चार बिया असतात, फिकट पिवळसर ते काळपट. रंगाची काळजी नको, कडक आहे ना एवढे पाहा. आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. कोरडे राहिले तर बी काही वर्षे चांगले राहते. एखादे बोंड घाईने काढले आणि बी अजून मऊ निघाले तर ते साठवू नका, लगेच पेरा. टरफल टणक झालेले नसते, न घासताही रुजते.

जिथे थंडीत पाणी गोठत नाही तिथे ही वेल वर्षानुवर्षे टिकते आणि सांडलेले बी आपोआप उगवते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ती तण होऊन बसली आहे. तेव्हा ओढ्या-नाल्याच्या कडेला लावू नका आणि वाळलेली वेल बोंडांसकट उकिरड्यावर टाकू नका.

प्रश्न: झोपायच्या खोलीच्या खिडकीशी लावली तर चालेल का? आईला उग्र वासाने डोके दुखते.

उत्तर: गुलचांदणी लावा, तिचा वास रातराणीइतका उग्र नसतो. रातराणी मात्र त्या खिडकीपासून लांब ठेवा, घराच्या दुसऱ्या टोकाला. आणि खिडकीला जाळी बसवून घ्या. उमललेल्या फुलांवर पतंग येतात आणि खोलीत दिवा चालू असला की आतही शिरतात.